काटा पासष्टवर

५ मे. सकाळी ६.१०
बाबांची अट : ३० मेपर्यंत एकट्याने विमान उडवून उतरवायचं. नाहीतर अर्धवट सोडलेल्या डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला परत. अट मान्य. उडवणं येतंच. राहिलं फक्त लँडिंग. एक आठवडा पुरे.

१० मे
फ्लाइंग क्लबचे प्रशिक्षक मकसूद सर म्हणाले, उतरताना वेग पासष्ट नॉट ठेव. ठेवला. वेगाचा काटा रेघेवरून हलू दिला नाही. मग म्हणाले, काट्याकडे कमी, बाहेर जास्त बघ. शिस्त सगळ्यांनाच झेपत नाही. लँडिंग उत्तम. सरांचे हात कंट्रोलवर होते, पण ते सवयीने असावेत.

१५ मे. दुपार
घरी सराव. खुर्चीत बसून, भिंतीवरच्या घड्याळाच्या काट्यावर नजर धरून. धाकटी बहीण ओवी म्हणाली, दादा, आई दोनदा चहा घेऊन आली, तुला दिसली पण नाही. एकाग्रता वाढते आहे.

२१ मे
किंचित धक्का. विमान तीनदा टेकलं. लॉगबुकात तीन लँडिंग लिहिली. सरांनी दोन खोडली आणि म्हणाले, उरलेलं एक माझं आहे. वाद घातला नाही. सरांचं वय होत चाललंय.

२७ मे. सकाळी ५.४०
आज चाचणी. पास झालो की सर उतरणार, पुढची फेरी माझी एकट्याची. आईने कर्वेनगरच्या अख्ख्या सोसायटीत सांगून ठेवलंय. शर्टाला दोनदा इस्त्री केली.

२७ मे. दुपारी २.००
सरांनी हात मांडीवर ठेवले. मी पासष्ट धरला. सर ओरडले, अरे, बाहेर बघ! मी म्हणालो, एक मिनिट, सर. त्यांनी कंट्रोल ओढेपर्यंत पुढचं चाक मोडलं होतं आणि प्रोपेलर जमिनीत. कुणाला लागलं नाही. नोंद असावी : धडकेच्या क्षणी काटा बरोबर पासष्टवर होता.

३० मे
चौकशीला आलेल्या मॅडमनी विचारलं, टेकण्याआधी धावपट्टी किती खाली दिसत होती? पुष्कळ आठवून पाहिलं. धावपट्टी मी पाहिलीच नव्हती. त्या दिवशीच नाही, आजवर कधीच. तसं लिहून सही केली.

बाबा डिप्लोमाचा फॉर्म घेऊन क्लबच्या फाटकापाशी स्कूटरवर थांबले होते. ओरडले नाहीत. म्हणाले, बस मागे, वारज्याला ट्रॅफिक लागायच्या आत कॉलेजचं ऑफिस गाठू. आणि घाबरू नकोस, वर्ग तळमजल्यावर आहे.