मानाचं लॉगिन

१४ जुलै
आजपासून रोजनिशी. मोठ्या कामाच्या नोंदी ठेवाव्यात, नाहीतर श्रेय भलताच माणूस घेऊन जातो. काम: युनिव्हर्सिटीच्या मराठी मंडळाची वेबसाइट. सगळ्यांची मिळून एक. ग्वाल्हेरात कुठल्याच विद्यार्थी मंडळाची नाही. (बघितलेलं नाही, पण नसणारच.) सभेत ठराव मांडला, एकमताने मंजूर. सभेला चौघं होतो. मी, म्हणजे सचिव. बळवंत, खजिनदार. मंजिरी, कॉम्प्युटर सायन्सची सेकंड इयर. आणि बळवंतचा रूममेट, जो पंख्याखाली बसायला आला होता.
संकल्प: रोज पहाटे पाचला उठून वेबसाइट बनवायला शिकणे.

१५ जुलै, सकाळी साडेदहा
पहाटे लाइट नसतील असं वाटून उठलो नाही.

२ ऑगस्ट
फॉन्ट ठरला. लोकांना वाटतं फॉन्ट म्हणजे काय मोठंसं. तीन आठवडे गेले. तेवढ्यात मंजिरीने बाकीची साइट करून ठेवली. मुलगी चांगली आहे, पण घाई फार करते.

९ ऑगस्ट
कंपू भागात सुमनताईंकडे गेलो. ताई म्हणजे आमच्या मंडळाचे मार्गदर्शक महिपतराव सर, त्यांची थोरली बहीण. लहानपणी लष्कर भागातल्या मुलींच्या गणेशमेळ्यात पुढे उभ्या राहून गायच्या. ती पदं कुणी कधी लिहून ठेवली नाहीत आणि त्या मेळ्यातल्या आता ताई एकट्याच उरल्यात. घशात गाठ आहे. दिवाळीनंतर ऑपरेशन. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय, आवाज राहणार नाही.
मंजिरीने मोबाइलवर रेकॉर्डिंग केलं, बळवंतनेही केलं. मी सुपरव्हिजन केलं. ताई दुपारभर गायल्या. मध्ये मध्ये खोकला यायचा, थांबायच्या, मग तिथूनच उचलायच्या. एक पद उंदराचं होतं, ‘हळू चाल रे उंदरा, देव निजला पाठीवरी.’ सरांनी ते लहानपणी ऐकलं होतं म्हणे. डोळे पुसत होते. शेवटी ताई पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "आता काळजी नाही. आवाज गेला की तुमच्या मशीनमधून माझं मीच ऐकीन."
मला भरून आलं. ताईंचं पान जांभळ्या रंगात करायचं तिथेच ठरवलं.

१९ ऑगस्ट
सभेत वाद. साइट कुणाच्या अकाउंटवर ठेवायची? मंजिरीचं म्हणणं, मंडळाचं वेगळं अकाउंट काढू, दोघातिघांकडे चावी ठेवू. मी शांतपणे समजावलं की आपल्यात एक रीत आहे. नवीन कामाचा पहिला मान थोरांचा. गणपतीत मानाचा नारळ सर फोडतात, पहिली आरती सर घेतात, प्रसादाचं पहिलं पान सरांचं. मग वेबसाइटने काय पाप केलंय? तेव्हा मानाचं लॉगिन सरांचं. साइट आणि सगळी रेकॉर्डिंग सरांच्या युनिव्हर्सिटी अकाउंटवर. मालक सर, आपण सगळे पाहुणे.
कल्पना माझीच. स्वतःलाच आवडली.
तर मंजिरी म्हणते, "भैया, सर तो ऑक्टोबरमध्ये रिटायर होऊन राहिलेत. अकाउंट बंद होऊन जाईल. मग सगळंच जाईल ना."
गणपतीच्या तोंडावर ही भाषा! मी म्हटलं, मंडळात असं अशुभ बोलत नाहीत. बळवंतने अनुमोदन दिलं, त्याला खोलीवर जायचं होतं.

२७ ऑगस्ट, गणेश चतुर्थी
साइटचं उद्घाटन. सरांच्या कॉम्प्युटरला हळदकुंकू वाहिलं, कीबोर्डवर दूर्वा ठेवल्या. त्यातली एक काडी बटणांच्या मधे गेली, निघाली नाही. तेव्हापासून स्पेसबार अडकतो. सरांनी एका बोटाने पासवर्ड टाइप केला (मीच ठेवून दिलेला) आणि पान उघडलं. जांभळं. सर म्हणाले, "यशोधन, मला मालक केलंस रे." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मंजिरीने फोटो काढला. ती स्वतः फोटोत नाही.

७ सप्टेंबर
विसर्जन पार पडलं. आता शिस्त. माझं सूत्र: एक प्रत, एक जागा. ताईंची पदं मंजिरीच्या मोबाइलमध्ये आहेत, बळवंतच्या आहेत, साइटवरही आहेत. हे बरं नव्हे. ज्याच्याकडे प्रत, तो स्वतःला मालक समजायला लागतो. पानिपतापासून आपण हेच करत आलोत, ज्याचा त्याचा तंबू वेगळा. आज सगळ्यांना मोबाइलमधलं डिलीट करायला लावलं. बळवंतने आनंदाने केलं, त्याला जागा हवीच होती. मंजिरी बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिली. मी म्हटलं, सरांवर विश्वास नाही का? मग केलं.
ट्रॅशही रिकामी करून घेतली. अर्धवट काम मला जमत नाही. साइटवरचं डाउनलोडचं बटणही बंद केलं.

२३ सप्टेंबर
सर मेल उघडत नाहीत, म्हणून त्यांचं मेल माझ्या मोबाइलला जोडून घेतलंय. कटकट आहे. कॉम्प्युटर सेंटरकडून इंग्रजीत सारखं काहीतरी येतं, अकाउंट क्लोजर वगैरे. रिटायर होणाऱ्या सगळ्यांना पाठवतात. वेबसाइटचा त्यात उल्लेखसुद्धा नाही, म्हणजे आपल्याला लागू नाही. ‘किरकोळ’ नावाचं फोल्डर केलं आणि ती मेलं आपोआप तिकडे जातील अशी व्यवस्था केली. केवढी शांतता झाली.
संकल्प: मेडिटेशन.

११ ऑक्टोबर
सरांच्या निरोपसमारंभाचा बॅनर आणायला मंजिरीबरोबर पडाव भागात गेलो. बॅनरवर माझं नाव छोटं आलंय. येताना शेअर-टेम्पोत तिने विचारलं, ताईंच्या पदांची एक कॉपी करू का. फक्त एक. कुणाला सांगणार नाही म्हणाली. यालाच मालकीची हाव म्हणतात. नाही म्हटलं. परवानगीशिवाय ती करणार नाही, घरचे संस्कार चांगले आहेत. किला गेटपर्यंत मग बोलली नाही. टेम्पोवाल्याने गाणी लावली होती म्हणून बरं.
कॉम्प्युटर सेंटरच्या बाहेर बोर्डावर काही नोटीस लागली होती. गर्दी होती. मला गर्दी सोसत नाही.

२५ ऑक्टोबर
दिवाळी संपली. ताईंना कंपूतल्या दवाखान्यात दाखल केलं. भेटून आलो. आवाज फार फाटलाय, शब्द जवळ जाऊन ऐकावा लागतो. मला म्हणाल्या, "मशीनमध्ये आहे ना रे नीट?" मी म्हटलं, ताई, दगडावरची रेघ. त्यांनी माझा हात धरून ठेवला. हात गार होता. बाहेर आल्यावर उगीचच मोबाइल काढून साइट उघडून बघितली. आहे. असायचीच.

३१ ऑक्टोबर
सरांचा निरोपसमारंभ. माझं भाषण झालं. सर आमच्यातून जात नाहीत, त्यांचं लॉगिन आमच्यात आहे, असं म्हटलं. टाळ्या अपेक्षेपेक्षा कमी. मंजिरी याच वाक्याला उठून हॉलबाहेर गेली. सर मात्र खूश होते. प्राध्यापकी गेली तरी मालकी आहे म्हणाले.

३ नोव्हेंबर
साइट चालू आहे!!! सर रिटायर, साइट चालू. मंजिरीला स्क्रीनशॉट पाठवला. तिने वाचला, उत्तर दिलं नाही. हरलेल्या माणसाला फार टोचू नये, म्हणून दुसरा स्क्रीनशॉट संध्याकाळी पाठवला.

१२ नोव्हेंबर
ताईंचं ऑपरेशन झालं. नीट झालं म्हणतात. ताई आता बोलणार नाहीत.

१६ नोव्हेंबर
साइट उघडली तर आत घेईना. परवानगी लागेल म्हणते. दहादा करून बघितलं. मग लक्षात आलं, सिक्युरिटी वाढवलेली दिसते. चांगलंच आहे. जी साइट सचिवालाही आत घेत नाही, तिथे चोर काय घुसणार?
जेवण गेलं नाही. आई म्हणाली तोंड का उतरलंय. हवा बदलली म्हटलं. सरांचं मेलही मोबाइलवर उघडत नाही. तेही सुरक्षित झालं असेल.

१७ नोव्हेंबर
कॉम्प्युटर सेंटरला जायचं होतं. गेलो नाही. सोमवारी तिथे गर्दी असते.

१८ नोव्हेंबर
गेलो. खिडकीवरच्या माणसाने सांगितलं की रिटायर झालेल्यांची अकाउंटं महिन्याच्या मध्याला पुसतात. मेलं पाठवली होती, बोर्डावर नोटीस होती. सरांची एक सही आणून दिली असती तर वर्षभर राहिलं असतं. परत आणता येईल का विचारलं. "अब कुछ नहीं है उसमें," म्हणाला आणि डबा उघडला. मी बाहेर पायरीवर बसलो. ‘किरकोळ’ फोल्डरही त्यातच गेलं, म्हणजे ती मेलं मला आली होती याचा पुरावा कुठेच नाही. क्षणभर हलकं वाटलं. हे लिहायला नको होतं.
बळवंतला फोन केला. त्याच्या मोबाइलमध्ये आता क्रिकेटचे व्हिडिओ आहेत.
संध्याकाळी सरांनी दवाखान्यात बोलावलं. स्पीकर घेऊन ये म्हणाले. घेऊन गेलो. मंजिरी आधीच आली होती. ताईंच्या गळ्याला पट्टी होती. सर म्हणाले, सकाळपासून कानाकडे बोट दाखवतेय, स्वतःचं ऐकायचंय तिला. मी मोबाइल काढला, खिडकीशी गेलो, दाराशी गेलो, नेटवर्क नाही म्हटलं. सरांनी त्यांचा मोबाइल पुढे केला.
"माझ्यावर लाव. मालक मीच आहे ना."
लावला. पान आलं. ‘पाहण्यासाठी मालकाची परवानगी आवश्यक आहे.’ सरांनी चष्मा लावून ते वर्गात वाचायचे तसं सावकाश, मोठ्याने वाचलं. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "परवानगी आहे. दिली. आता लाव."
मंजिरीला कळलं. ‘मी बोलली होती’ असं ती म्हणेल याची मी वाट बघत होतो. म्हणाली असती तर सोपं गेलं असतं. ती कॉटशी बसली आणि हळू आवाजात उंदराचं पद म्हणायला लागली. ताईंची बोटं चादरीवर ठेका द्यायला लागली. दोन ओळी झाल्या. तिसरी तिला आठवेना. पुन्हा पहिल्यापासून म्हटलं, पुन्हा तिथेच अडकली. ताईंना ओळ येत होती. ओठ हलत होते. सरांनी कान अगदी त्यांच्या तोंडाशी नेला. थोड्या वेळाने मान हलवली, काही कळत नाही म्हणून. बोटं आणखी थोडी चालली, मग थांबली. ताई माझ्या हातातल्या स्पीकरकडे बघत होत्या.
मी सांगितलं नाही. मंजिरीने मला खुणेने बाहेर जायला सांगितलं, गेलो.
परत येताना टेम्पोत सरांचा फोन आला. परवानगी नेमकी कुठे जाऊन द्यायची, विचारत होते. उद्या सांगतो म्हटलं.