माझ्या अंगावरून गेलेलं घर

सबाह अल-सालेम, कुवेत
शुक्रवार, ६ तारीख

भाई, तीन ठिकाणी सही कर म्हणून पेन्सिलीने फुल्या मारून पाठवल्यात, आणि "शहरबानू, तुझा गुडघा कसा आहे" एवढं लिहायला पेन्सिलीचं टोक मोडलं होतं का? अख्ख्या पाकिटात माझ्यासाठी एक ओळ नाही. हक्कसोडपत्राची चार पानं, तुमच्या लेकाने, मुबीनने, कॉम्प्युटरवर काढलेला नव्या घराचा नकाशा, आणि एक चिठ्ठी, "वकिलातीत शिक्का मारून इम्तियाजकडे देणे. अर्जंट." देणे! मी काय तलाठ्याकडची शिपाई आहे? चौथी शिकलेल्या बाईला चार पानं वाचायला चार दिवस लागतात, पण ती वाचते, हे तुमच्या वकिलाला सांगून ठेवा. त्यात लिहिलंय की मी बाबांच्या घरजमिनीवरचा हक्क राजीखुशीने सोडते. मला कुणी विचारलं होतं, राजी आहेस का म्हणून?

सलाम राहिला, तो घ्या. अस्सलामु अलैकुम. तुम्हाला, बिल्कीस भाभीला आणि मुबीनला दुआ. तुमची साखर कशी आहे? (भाभी अजून चहात दोन चमचे घालत असेल आणि वर आज फिका झालाय म्हणत असेल.) माझी तब्येत अल्लाच्या मेहेरबानीने ठीक आहे, उजवा गुडघा सोडून. तो आता माझं ऐकत नाही, त्याच्या मनात येईल तेव्हा वाकतो आणि मनात येईल तेव्हा अडून बसतो. त्याचं पुढे येणारच आहे. तर मूळ तक्रार अशी, पण ती नीट सांगायची तर मला आधी इंडोनेशियात जावं लागेल. (घाबरू नका, जाऊन आले.)

झालं काय, आमच्या मोठ्या मामा, म्हणजे घरची म्हातारी मालकीण, इलाजासाठी परदेशी गेल्या. घराला कुलूप लागलं, आणि मला नि सुमीला एकदम महिनाभर सुट्टी मिळाली. सुमी म्हणजे सुमियाती, मी फोनवर बोलताना मागे हसते ती. ती मामांचं सगळं बघते, मी स्वयंपाक बघते, चौदा वर्षं आम्ही दोघी एका खोलीत राहतोय. मी पेटी भरली आणि तुम्हाला फोन केला की येते. तुम्ही म्हणालात, आत्ता नको, घर पाडलंय, चिरे रस्त्यावर आलेत, आम्हीच गोठ्यात झोपतोय, तुला कुठे झोपवू? मी म्हटलं, मी पण गोठ्यात झोपेन. तुम्ही म्हणालात, आवाज तुटतोय, ऐकू येत नाही. (येत होतं.) पेटी भरलेली तशीच. सुमीने एकदा पेटीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि म्हणाली, चल माझ्या गावाला. निघायच्या आदल्या दिवशी आपल्या वरच्या वाडीतला इम्तियाज (तो इथे अम्गराला भंगाराच्या यार्डात आहे) तुमचं पाकीट देऊन गेला. ते मी उघडून बघितलं, फुल्या दिसल्या, परत बंद केलं आणि पिशवीत टाकलं.

दोन विमानं, एक आगगाडी, एक बस, मग एक गाडी जिला दार नव्हतं, आणि शेवटी फटफटी. सुमी पुढच्या फटफटीवर; माझ्या फटफटीवर पुढे माझी पेटी, मध्ये चालवणारा, मागे मी, आणि माझ्या मांडीवर सुमीने भावजयीसाठी घेतलेला मिक्सर. रस्त्याच्या एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही. मी डोळे मिटून आयतुल कुर्सी म्हणायला लागले, तर चालवणारा पण माझ्याबरोबर म्हणायला लागला. आधी बरं वाटलं. मग वाटलं, हा तर रोजचा इथला, हा का म्हणतोय?

गाव बघितलं आणि भाई, माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. सगळं आपलंच, फक्त कुणीतरी हलवून भलतीकडे ठेवल्यासारखं. भात आहे, पण डोंगराला पायऱ्या पाडून लावलेला. नारळ आहे, पण झाडावर चढून रस काढतात आणि त्याचा गूळ करतात. फणस आहे, पण कोवळ्या फणसाची भाजी तोच गूळ घालून दिवसभर शिजवतात. (दिवसभर! फणसाने काय गुन्हा केला होता?) सोयाबीनला बुरशी आली तर आपण उकिरड्यावर टाकू, हे लोक मुद्दाम आणतात आणि तळून खातात, आणि कुणाला सांगू नका, चांगलं लागतं. गावाच्या मागे एक डोंगर आहे, त्याच्या डोक्यातून धूर निघतो. मी म्हटलं, वणवा लागलाय. तर म्हणे नाही, तो रोजच असा असतो. त्याच्या पायथ्याशी बसून ही माणसं निवांत कोबी लावतात.

पण माणसांची एक गोष्ट मला मानवेना. तिथे कुणी ओरडतच नाही. नको म्हणत नाहीत, नाही म्हणत नाहीत, मान हलवून "हो ना" एवढंच. आता सुमीचं घर घ्या. लाकडी आहे, देखणं आहे. तिकडे लाकडी घर म्हणजे मोठ्या खाटेसारखी चीज, जमीन एकाची आणि घर दुसऱ्याचं असं बिनधास्त चालतं. खाली दगड मांडलेले, त्यांवर खांब नुसते टेकवलेले, भुई मातीची. सुमीने इथल्या कमाईतून एकेक खांब करत ते उभं केलं, पण केलं भावाच्या जागेत, कारण तेव्हा भाऊ म्हणाला होता, तुझं-माझं वेगळं आहे का? (हे वाक्य तुम्हालाही चांगलं म्हणता येतं.) आता भावाच्या मुलाचं लग्न ठरलंय आणि त्याला त्याच जागेवर सिमेंटचं घर बांधायचंय. पण हे तोंडाने सांगतील तर शपथ. भाऊ, स्लामेत त्याचं नाव, रोज सकाळी यायचा, चहा प्यायचा आणि अंगणाकडे बघून म्हणायचा, पोरं मोठी झाली की अंगण लहान वाटतं. सुमी म्हणायची, हो ना. भावजय केळी घेऊन यायची आणि म्हणायची, या बाजूला ऊन छान येतं. सुमी म्हणायची, हो ना. असे आठ दिवस! ती माझ्याजवळ रडायची आणि बाहेर जाऊन हसायची. (आमच्या दोघींची भाषा म्हणजे कुवेतच्या स्वयंपाकघरातली अरबी, तिच्यात रडायला शब्द कमी आहेत, पण भागतं.) तिच्या आईने ओढ्याच्या पलीकडे एक तुकडा तिच्या नावावर ठेवलाय. घर उचलून तिकडे न्यावं, एवढंच तिला म्हणायचं होतं. पण घर उचलायला गाव बोलवावं लागतं, आणि गाव बोलवलं की भावाशी बिनसलं हे सगळ्यांसमोर येतं. म्हणून गप्प. मी म्हटलं, बाई, एकदा ओरड. आमच्याकडे एव्हाना वाडीभर झालं असतं.

नवव्या दिवशी माझ्या हातून चूक झाली. मी खोबरं वाटून झणझणीत सार केलं होतं, तांदळाच्या भाकऱ्या केल्या होत्या, आणि सुमी खाली शेतात. भाकऱ्या गार व्हायला लागल्या. ओसरीच्या वाशाला एक पोकळ ओंडका टांगलेला असतो, शेजारी दांडका. मला वाटलं, शेतातल्या माणसाला जेवायला बोलवायची सोय असेल. वाजवला. कुणी येईना. मग मी न थांबता बडवला, गुडघ्याचा सगळा राग त्याच्यावर काढला. मला काय ठाऊक, थांबून थांबून वाजवलं तर बैठक, आणि न थांबता वाजवलं तर आग! पाच मिनिटांत साठ-सत्तर माणसं अंगणात. बादल्या, शिड्या, ओली पोती. एक म्हातारा बदकं चारत होता, तो बदकांसकट आला. पहिली बादली माझ्या सारावर पडली.

आग नाही म्हटल्यावर गावचा मुखिया पुढे आला आणि सुमीला विचारलं, मग झालंय काय? सुमी भावाकडे बघते, भाऊ पायाच्या अंगठ्याकडे बघतोय. मी तिला अरबीत म्हटलं, यल्ला, बोल आता, माणसं आयती जमलीत, परत मी बडवणार नाही. आणि ती बोलली. रडत बोलली, पण मोठ्याने बोलली. मला एक शब्द कळला नाही आणि सगळं कळलं. तिचं झाल्यावर बदकं तेवढी ओरडली. मग स्लामेत म्हणाला (सुमीने नंतर सांगितलं), मला वाटलं तुला जायचं नाही, म्हणून मी विचारत नव्हतो. त्यावर ती म्हणाली, मला वाटलं तुला मला घालवायचंय, म्हणून मी सांगत नव्हते. घ्या! आठ दिवस दोघांनी चहा प्यायला.

रविवारी घर उचललं. आदल्या दिवशी कौलं उतरवली, सामान बाहेर काढलं, आडवे बांबू बांधले. सगळं सामान बाहेर आलं आणि एकच वस्तू आत राहिली, ती म्हणजे मी. खांबाच्या खुंटीला माझी पिशवी होती, ती घ्यायला आत गेले आणि गुडघा अडला. बसले भुईवर. बाहेरून कुणीतरी काहीतरी विचारलं. मी त्यांच्याच रीतीने म्हटलं, हो ना. त्यांनी विचारलं होतं, उचलायचं का? भाई, घर उठलं! चारी बाजूंनी उजेड आत शिरला, भिंतीखालून नुसते पाय दिसायला लागले, आणि ते पाय चालायला लागले. मी ओरडले. तेव्हा कुठे ते थांबले, वाकून बघितलं, आपसात बोलले, एक-दोन-तीन करून आणखी हातभर वर उचललं, मी आडवी झाले, आणि मागची भिंत माझ्या नाकावरून निघून गेली. पिशवी खुंटीला, खुंटी खांबाला, खांब माणसांच्या खांद्यांवर. तुमचा कागद घरात बसून ओढ्यापलीकडे गेला आणि मी तिथेच. वर आभाळ, खाली दुसऱ्याची जमीन, आजूबाजूला कोंबड्या. सगळा गाव हसला. मी पण हसले, मग हसता हसता रडायला लागले, आणि त्यांना वाटलं, गुडघा दुखतोय.

गुडघा दुखत नव्हता, भाई. मला आपलं घर दिसलं. चिऱ्याचं. ते साठ माणसांना काय, सहाशे माणसांनाही उचलणार नाही. सुमीला निदान घर घेऊन जाता आलं. मी बाबांच्या घरातून काय उचलून आणू? आणि कुठे ठेवू? मामा आता ऐंशीच्या पुढे आहेत. त्या गेल्या की माझा इकामा, इथे राहायचा परवाना, गेला, आणि इकामा गेला की मला कुठेतरी जाऊन उतरायचंय. मुबीनचा नकाशा मी परत येताना विमानात उलगडून बघितला. हॉल आहे, किचन आहे, मुबीनची खोली आहे, मोटारसायकल ठेवायला पण जागा आहे. आणि मागच्या कोपऱ्यात, अम्माचं कोंबड्यांचं खुराडं होतं तिथे, लिहिलंय "गेस्ट रूम". मी भाभीला फोनवर विचारलं, तर म्हणाली, अगं ती तुझीच की, तू आलीस की तिथेच राहायचं! प्रेमाने म्हणाली, मला माहीत आहे. पण भाई, त्या घरात माझी नाळ पुरलीय. मी गेस्ट कधी झाले?

आणि एक सांगायचं राहिलं. घर उचललं तेव्हा पुढच्या उजव्या कोपऱ्याच्या बांबूखाली सगळ्यात जास्त भार असतो. तिथे कोण होता? स्लामेत. खांदा सोलून निघाला, पण शेवटपर्यंत सोडला नाही. भावजयीने साठ माणसांचा भात शिजवला. आणि घर पलीकडे ठेवताना त्याने ते थोडं वाकडं ठेवायला लावलं, म्हणजे सुमीचं दार त्याच्या दारासमोर येईल. आता रोज सकाळी ओढा ओलांडून चहाला येतो म्हणे. अंगणाबद्दल बोलत नाही.

तर सही मी केलेली नाही. मी भांडत नाही, कोर्टात जात नाही. शरियतने तुमच्या निम्मं माझं आहे, मी त्यातलंही थोडंसंच मागते. आपल्या घरामागचा फणस आणि त्याच्या सावलीत दोन खोल्या बसतील एवढी जमीन. ती माझ्या नावावर करा, बाकीच्यावरचा हक्क मी खरोखरच्या राजीखुशीने सोडते. दार मी तुमच्या दारासमोर ठेवीन.

तुमची बहीण,
शहरबानू

ता.क. कागद शाबूत आहे. एका कोपऱ्यावर नारळाच्या गुळाचा डाग पडलाय, वकिलाला सांगा चाटून बघ. तुमच्या तीन फुल्यांखेरीज नकाशावर फणसाजवळ मी चौथी मारलीय. आधी तुम्ही चौथीवर सही करा, मग मी तिन्हींवर करते.

आणखी एक. भाभीसाठी त्या बुरशीच्या वड्या तळून इम्तियाजकडे दिल्यात. कशाच्या आहेत ते खाऊन झाल्यावर सांगा.

आणखी एक, शेवटचं, आणि हे तुम्ही वाचलं नाही असं धरून चाला. जमिनीचं जमणारच नसेल, तर निदान नकाशातलं "गेस्ट रूम" खोडा आणि तिथे माझं नाव लिहा. मुबीनच्या कॉम्प्युटरवर नको, तुमच्या हाताने, त्याच पेन्सिलीने. तेवढ्यावरही मी सह्या करीन. पण आधी जमिनीचं बघा.

इम्तियाज उद्या निघतोय, २७ तारखेच्या शुक्रवारी परत कुवेतला पोचतो. त्याच दिवशी त्याच्या हातून मला तुमचं उत्तर पाहिजे. कागदावर. फोनवर अंगठा दाखवलेला चालणार नाही, आणि आवाज तुटतोय हे तर अजिबात नाही.