हिरवी वायर

अप्पा, तुमची गिटार मी उघडली आहे. आधीच सांगून टाकते, म्हणजे तुमचा जीव टांगणीला नको. इथे माझा लागलाय तेवढा पुरे. रविवारी आमच्या ऑर्केस्ट्राला एका लग्नात वाजवायचं आहे आणि गायक केव्हाचा मागे लागलाय, "ताई, दोन्ही पिकअप लावले की पिपाणीवानी वाजतंय बगा. जरा भरीव आवाज काडा की." मला रागच आला. त्या बारीक, नाकातल्या आवाजावरून तर लोक तुम्हाला ओळखायचे. मांडवाबाहेर चपला काढतानाच म्हणायचे, "वायरमन आला वाटतं." पण त्याचंही खोटं नाही. आताच्या ढोल-कीबोर्डच्या गदारोळात तो आवाज बुडून जातो.

तारांखाली बसून त्यांचा आवाज उचलणारा तो दुसरा पिकअप तुम्ही हैदराबादहून आणलात, तो दिवस आठवतो. आपण स्वयंपाकघरात बसलोय, कारण घरातला धड प्लग तिथेच. तुम्ही वायरमन होतात त्या टॉवेलच्या कारखान्यातून आणलेली, डाग द्यायची तुमची सोल्डरिंग तापतेय, आणि शेजारी खलबत्त्यात शेंगांची चटणी कुटत आई कुरकुरतेय, "माज्या चटणीला त्या राळंचा वास लागू दे, मग सांगते." पिकअपबरोबर आलेला कागद मी पुढे करते, कोणत्या रंगाची वायर कुठे जोडायची ते त्यावर आहे. तुम्ही ढुंकूनही बघत नाही. "हिरवी म्हंजी अर्थिंग. कारकान्यात कागद बगत बसलो असतो तर कवाच चिकटलो असतो. गप धर तितं." मी गप धरलं. मग सगळ्या वायरी एकत्र घेऊन तुम्ही मागावरच्या सुतानं बांधल्यात, विणकरांसारखी गाठ मारून, आणि दोन्ही पिकअप लावून तार छेडलीत. आईचा बत्ता वरच्या वर थांबला. "अगं बया, ह्यो आवाज कुटला?" पुढे कायम तसंच झालं. तुम्ही तसं वाजवलं की तिचा हात थांबायचा, आणि मी बघतेय हे कळलं की ती दुप्पट जोरानं कुटायची.

आज ती सुताची गाठ मी कापली. आत बघते तर हिरवी वायर खरंच अर्थिंगला. अप्पा, तो जुना कागद काढून पाहिला. त्या पिकअपची हिरवी अर्थिंगची नव्हतीच, आवाज तिच्यातूनच येतो. तुम्ही उलटी जोडलीत. एकेकटा पिकअप वाजवला तर फरक कळत नाही. दोन्ही लावले की ते एकमेकांचा आवाज खातात, आणि उरतं ते तुमचं नाकातलं गाणं. म्हणजे सगळा गाव ज्यावरून तुम्हाला ओळखायचा ती कारखान्याची सवय होती. आधी मला हसू फुटलं, मग कागद परत वाचला. तुम्हाला कधी कळलं होतं का? कळूनही तशीच ठेवलीत का? आता हे विचारायचं कुणाला?

शेवटी एक छोटं बटण बसवलंय. एका बाजूला केलं की वायरी कागदाप्रमाणे, दुसऱ्या बाजूला केलं की तुमच्याप्रमाणे. कागदाची बाजू वाजवून पाहिली. आवाज भरीव आहे, लग्नात शोभेल, गायक खूश होईल. तुमची बाजू राहिली आहे. हिशेबानं तोच आवाज यायला हवा, पण वायरी नव्या, डाग नवे, आणि हात माझा. तुम्ही गेल्यापासून गिटार कपाटात नव्हती, मी वाजवतच होते, आणि आईचा बत्ता थांबतच होता. ते माझ्या वाजवण्यानं नव्हतं, एवढं मला कळतं.

ती आत आत्ता चटणीच कुटतेय. मघाशी ओरडली, "जोडलंस का न्हाय? का निस्तं उचकून ठिवलंस माज्या डोक्याला?" मी म्हटलं, जोडतेय. जोडून केव्हाच झालंय. बटण तुमच्या बाजूला केलं आणि तिचा हात थांबला नाही, तर मी काय करू?

हे पत्र कुठे जायचं नाही, मला माहीत आहे. चटणी होत आली आहे, लिहिणं थांबवलं की वाजवावं लागेल, म्हणून लिहितेय.