शवासनातले विचार

३ सप्टेंबर
शवासन म्हणे सगळ्यात सोपं. नुसतं पडून राहायचं! बाई हळू आवाजात सांगत होत्या, "पावलं सैल सोडा, गुडघे सैल सोडा." सगळ्या बायका ओंडक्यासारख्या पडल्या. माझं मन घरी. झोप लागत नाही म्हणून वर्गात माझं नाव घातलं ते नवऱ्याने. चपला घ्यायच्या तरी आठवडाभर घोळ घालणारा माणूस — हे मात्र दुपारी बोलला आणि संध्याकाळी करून आला. का?

५ सप्टेंबर
परत आले तर जेवणाच्या टेबलाच्या खुर्च्या भिंतीला लावलेल्या. "झाडत होतो," म्हणाला. केरसुणी कुठे असते हे तरी याला ठाऊक आहे का?

८ सप्टेंबर
बाई म्हणाल्या, "विचार येतील. येऊ द्या, जाऊ द्या." आले सगळे. गेला एकही नाही. शेजारची घोरत होती. नशीबवान.

१० सप्टेंबर
दिवसभर औषधांच्या दुकानात उभं राहून पायांचे तुकडे पडले होते, तरी वर्गाला गेले. येताना जिन्यात खालच्या शिंपीणकाकू भेटल्या. "तुमच्याकडे पाहुण्या येतात का हो? उंच, पांढऱ्या बुटांच्या? तुम्ही बाहेर पडलात की येतात."
"माझी मावसबहीण," म्हटलं. का खोटं बोलले? लाज मलाच वाटली.
घरात विचारलं, कोणी आलं होतं का? "कोण येणार?" बोलताना माझ्याकडे बघेना. नजर माझ्या कानाच्या पलीकडे कुठेतरी. ओट्यावर धुतलेले दोन कप पालथे. याचं बोट भाजून लाल झालेलं.

११ सप्टेंबर
छापखान्यातून तपासायचे कागद घरी आणणंही बंद केलंय. "काम कमी आहे." असेल! पाणी मुरतंय कुठेतरी, नक्की.

१५ सप्टेंबर
आज बाईंनी माझ्या कपाळावर हात ठेवला. "जबडा किती घट्ट धरलाय." डोळ्यांतून पाणी निघून थेट कानात गेलं. घाम आहे म्हटलं. मनातल्या मनात मी त्या पांढऱ्या बुटांना दाराबाहेर फेकत होते. काय काय बोलायचं तेही पाठ झालंय.

१७ सप्टेंबर
शवासन सुरू झालं आणि मी उठले. तडक घरी. दारात पांढरे बूट. किल्लीने दार उघडलं.
नवरा ओट्याशी उभा. डोळ्यांवर पट्टी. ती बाई चांगली हातभर लांब उभी. "घाई नको. कपाच्या आत बोट धरा. चहा लागला की थांबायचं." त्याने ओतला. चटका बसला, तरी थांबला बरोबर.
मग मान वळवून म्हणाला, "कोण आहे?"
पाठ केलेलं सगळं बाजूला ठेवून म्हटलं, "मी."
त्याने पट्टी काढली. "डॉक्टर म्हणाले, मधलं दिसणं जाणार, कडेचं तेवढं राहणार. चष्म्याने भागणार नाही. या शिकवायला येतात. तुला आधीच झोप नाही... जरा जमायला लागलं की सांगणार होतो."
एका परक्या बाईला माहीत. मला नाही. संशय गेला, राग काही जाईना. त्याचं भाजलेलं बोट नळाखाली धरलं तेव्हाही मी रागातच होते. धरून मात्र ठेवलं.