पुढची जागा

आबा, तुम्ही गेल्याला बारा वर्षं झाली आणि मी अजून त्या पिवळ्या टोपीवाल्या पोरीवर जळतोय. पुण्याची होती, माझ्याच वयाची, आईबापाबरोबर उजनीच्या पाण्यावर रोहित पक्षी बघायला आलेली. पाहुणे यायच्या आधी मी होडीत पुढं जाऊन बसलो होतो, हातात सकाळी चिखलात सापडलेलं गुलाबी पीस. तुम्ही म्हणालात, "ऊठ तितनं. फुडची जागा गिऱ्हाइकाची." मी मागं जाऊन डब्यानं होडीतलं पाणी उपसत बसलो, आणि तुम्ही तिला सांगत होतात, "बाळा, हळू बोल. मान बघ त्याची, कशी उलटी घालून चिखल गाळतोय." बाळा. असला आवाज तुमच्याकडं आहे हे मला त्या दिवशी कळलं. मला, पोटच्या पोराला, आपलं "आरं", फार तर "आरं ए". उतरताना तुम्ही माझ्या हातातलं पीस काढून तिला दिलंत. "ह्याला काय, रोज गावतंय की." रोज कुठं गावत होतं?

सध्या घरी आलोय. आपली होडी काठावर पालथी पडलीय, तिच्या सावलीत बसून लिहितोय. शाळा सोडल्यापासून किती गावं फिरलो ते आई आता विचारत नाही. शेवटचं अंदमान. तिथं एका हॉटेलात आधी भांडी, मग भाजी चिरणं, मग तवा, असा चढत गेलो. एका सुट्टीला खाडी बघायची म्हणून एका म्हाताऱ्या होडीवाल्याकडं गेलो. त्याचे आजेपणजे ब्रह्मदेशातून आलेले. त्यानं आधी घरी नेऊन जेवायला घातलं, भात, मासा आणि कोवळ्या बांबूची भाजी. त्याची बायको कमरेला माग बांधून पिशवी विणत होती. आपल्या सोलापुरात माग म्हणजे खोलीभर खडखडाट, आणि हा तिच्या कमरेपासून समोरच्या खांबापर्यंत, आवाज म्हणून नाही. मी ते बघत असा बसलो की खाडीतलं भरतीचं पाणी ओसरायला लागलं. त्याची पोरगी बाहेरून ओरडली, "बाबू, चलना है कि शादी में आए हो?" इंजिन तीच चालवायची. पंचविशीची असेल, माझ्यासारखीच.

त्यानं मला पुढं बसवलं. जन्मात पहिल्यांदा मी चालत्या होडीत पुढं बसलो, आबा. दोन्ही बाजूंना पाण्यात मुळं सोडून उभी झाडं, वरून समुद्रगरुडांची जोडी गेली तर पंखांचा आवाज दमलेल्या बैलाच्या श्वासासारखा. मग म्हाताऱ्यानं हात वर केला, पोरीनं इंजिन बंद केलं. समोर चिखलात मगर, तोंड उघडं टाकून. म्हाताऱ्यानं मागून माझ्या खांद्यावर हात ठेवला. "बेटा, हिलना मत. गरमी में ऐसे ही मुँह खोल के बैठता है. आराम से देख." बेटा म्हणाला. मागून पोरगी हसली. "मुझे तो आज तक नहीं बोला. मुझे बोलता है, मोटर देख."

"तू तो रोज देखती है," म्हातारा मागं न बघता म्हणाला.

"पीछे से तेरी पीठ दिखती है, बाबा." मग मला, हळू आवाजात, "दो मिनट मैं आगे आऊँ?"

मला त्या विचारण्यातलं सगळं माहीत होतं. पाणी उपसायचा डबासुद्धा तिच्या पायाशी होता. मी मगरीकडं बघत राहिलो. हिचा बाप जिवंत आहे, चार हातांवर बसलाय, ही उद्या मागेल की जागा, असं मी मनाला सांगितलं, पण ते नंतर, परतताना सुचलेलं. तेव्हा फक्त खांद्यावरचा तो हात उठू नये एवढंच वाटत होतं.

काल आईनं विचारलं, तिकडं काय काय बघितलंस. मगर सांगितली, गरुड सांगितले, तो माग सांगितला. पोरीचं सांगितलं नाही; सांगितलं असतं तर म्हटलं असतं, ती काहीतरी बोलली, पण इंजिनाच्या आवाजात मला ऐकू आलं नाही. हा कागद आता घडी करून होडीच्या फळीत खोचतो. तिथं कोणी हात घालत नाही.

इंजिन बंद होतं, आबा.