उभं राहण्याचे पैसे

३ मार्च, सोमवार

परत भोंगा वाजला! बाहेर बर्फ वितळलं का ते बघायला खुर्चीतून जरा उठले, तर बुडाखालच्या त्या अलार्मच्या गादीने नर्सिंग होमचा अख्खा मजला डोक्यावर घेतला. दोन नर्सेस धावत आल्या – "सिट डाउन, हनी, सिट डाउन!"

नागपूरला मुलींच्या शाळेत मी पीटी शिकवायची. "ताठ उभ्या राहा!" असं ओरडण्यात जन्म गेला. आणि आता इथे अमेरिकेत मलाच उभं राहायची बंदी!

शेजारच्या पलंगावरची लॉरेन गालात हसली. अर्धांगाच्या झटक्यापासून तिचा उजवा हात मांडीवर नुसता पडून असतो. तिला भरवतात. बोलते कमी, पण हसते मात्र वेळेवर.

९ मार्च, रविवार

केदार आणि अनिका येऊन गेले. केदारचं तेच – "आई, सेफ्टीसाठी आहे ते. परत पडलीस तर?" त्याच्याच घरच्या जिन्यावरून पडले होते, म्हणून घाबरतो बिचारा. मी म्हटलं, खुब्याचं हाड केव्हाच जुळलं रे. बसून बसून पायांतलं त्राण चाललंय, त्याचं काय?

अनिका म्हणाली, "आज्जी, यू आर लिटरली इन जेल." बापाने डोळे वटारले. मला मात्र नात आवडली.

२० मार्च, गुरुवार

हिमानी आज माझ्याजवळ येऊन बसली. ही इथली मुख्य. जन्म क्लीव्हलँडचा, आईवडील सांगलीचे. मराठी बोलते, पण अडखळत.

म्हणाली, राज्य सरकार आम्हाला पैसे देतं ना, ती पद्धत बदलतेय. "आधी कसं होतं, आजी – तुम्हाला जितकी जास्त हेल्प लागणार, तितके आम्हाला जास्त पैसे. तुम्ही वॉक करायला लागलात की पैसे कमी."

"म्हणजे मी बसून राहिले तर तुमचा फायदा?"

ती लाल झाली. "टेक्निकली... हो."

आता काही ठिकाणी नवी पद्धत करून बघणार, त्यात आम्ही. कोण परत चालायला लागलं, कोण आपल्या हाताने जेवायला लागलं, त्यावर पैसे. शिवाय आम्हा म्हाताऱ्यांनाही विचारणार – बरं चाललंय का?

"अरे बाप्पा! म्हणजे आता माझ्या पायांवर तुमचा पगार!"

इतकी मोठ्याने हसली की लॉरेन दचकली.

२४ मार्च, सोमवार

गादी काढली!!

११ एप्रिल, शुक्रवार

वॉकर धरून जेवणाच्या हॉलपर्यंत गेले – चालत! मार्कस शेजारून चालत होता. हा व्यायाम करवून घेणारा, दाराएवढा उंच माणूस. मी त्याला मराठीत आकडे म्हणायला लावले. "एक, डोन, टीन..." म्हटलं, चुकलास, पुन्हा पहिल्यापासून. हॉलमध्ये सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवणार होते, पण हात वॉकरवर!

पाय ठणकताहेत. असं ठणकणं किती वर्षांनी!

८ मे, गुरुवार

आज डोकं फिरलं. मार्कसकडे रोज सगळे जातात, लॉरेनला कोणी नेत नाही. हिमानीला गाठलं. ती खाली बघत म्हणाली, "तिची प्रोग्रेस खूप स्लो असणार, आजी. मग आमचा स्कोअर खाली जातो, पैसेही."

म्हणजे काल जिला चालता येत होतं तिला बसवत होते, आज जिला जमत नाही तिला सोडून देतात. आगीतून फुफाट्यात!

लॉरेनला सांगितलं, तर म्हणते, "इट्स ओके, सू." (माझं नाव तिने एवढंच ठेवलंय.) कसलं डोंबलाचं ओके!

१७ जून, मंगळवार

आज राज्याची माणसं आली होती, नव्या पद्धतीबद्दल आमचं म्हणणं ऐकायला. केदार मुद्दाम सुट्टी घेऊन आला – "आई, मी ट्रान्सलेट करतो." म्हटलं, माझं इंग्रजी मोडकं आहे, मुकं नाही.

उभी राहिले. म्हटलं, मी चालायला लागले, व्हेरी गुड. पण ही लॉरेन? शाळेत मी शर्यतीत फक्त पहिल्या येणाऱ्या मुलीलाच शाबासकी देत नव्हते. कालच्यापेक्षा एक पाऊल पुढे टाकणाऱ्या प्रत्येकीला देत होते. मोजायचंच आहे ना, मग लॉरेन काल काय करत होती आणि आज काय करते ते मोजा. तिला माझ्याशेजारी उभी करून मोजू नका!

समोरच्या पांढऱ्या केसांच्या बाई लिहायच्या थांबल्या. थेट लॉरेनकडे वळल्या – तुम्हाला काय हवंय?

तिने मांडीवरच्या उजव्या हाताकडे बघितलं. मग लॉरेन म्हणाली, "आइसक्रीम. माझ्या हाताने."

आधी सगळे हसले. मग कोणीच हसेना.

केदार परत जाताना नुसता माझा हात धरून उभा राहिला. शाळेत असताना धरायचा तसा.

१९ जून, गुरुवार

हिमानीने आजपासूनच लॉरेनला मार्कसकडे पाठवलं. राज्याचं उत्तर यायचंय अजून. "येईल तेव्हा येईल, आजी. मला परवा लाज वाटली." गुणी पोर आहे.

९ ऑगस्ट, शनिवार

बटर पेकन आइसक्रीम!

जाड दांड्याचा चमचा. लॉरेनच्या उजव्या हातात. पहिला घास गाऊनवर, दुसरा हनुवटीवर. मार्कसने हात पुढे केला, तर लॉरेनने त्याला असा काही लूक दिला! तिसरा – तोंडात!! मी दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली. पळत आलेल्या नर्सेसना काय झालंय तेच कळेना. मार्कस रडत होता, एवढा मोठा माणूस.

आणि हिमानीने सांगितलं, राज्याने ऐकलं. या नव्या पद्धतीत यापुढे ज्याची त्याची तुलना त्याच्याशीच. जे फार आजारी आहेत, त्यांनाही मागे टाकता येणार नाही.

मीही आइसक्रीम खाल्लं. साखरेचं उद्या बघू!

१८ सप्टेंबर, गुरुवार

डॉक्टर म्हणतात मी घरी जाऊ शकते! केदार खूश, पण काळजीत – जिना आहे, आणि दिवसभर घरात कोणी नसतं. मीही खूश. नुसती खूशच, असं मात्र नाही. त्या मोठ्या घरात दिवसभर बोलू कोणाशी?

लॉरेन आज भिंतीकडे तोंड करून झोपली. हसलीही नाही.

११ ऑक्टोबर, शनिवार

केदारच्या गाडीत सामान भरलं, पण गाडी त्याच्या घरी गेली नाही. प्लेन सिटी नावाच्या गावाला गेली – लॉरेनच्या घरी. गेल्या आठवड्यात तीच म्हणाली, "माझं घर रिकामं पडलंय, सू. एकही पायरी नाही. येतेस?" आम्हा दोघींसाठी मदतीला रोज बाई येईल. हिमानी म्हणाली, नव्या पद्धतीत सरकारचे पैसे इमारतीला नाही, माणसाला मिळतात, माणूस जाईल तिथे. केदार दोन दिवस रुसला, मग त्यानेच खिडक्या पुसून दिल्या.

वडिलांच्या घरातून नवऱ्याच्या, तिथून मुलाच्या. मैत्रिणीच्या घरी राहायला आज पहिल्यांदा आले. उद्या पोहे करणार!