डोकं लॅबला, धड चाचांना

३ ऑक्टोबर २०२४, गुरुवार

आमच्या मत्स्यफार्मच्या समुद्रातल्या पिंजरा नऊमधले जिताडे गोल गोल फिरतायत. झालं! तोच व्हायरस — माशांच्या मेंदूला आणि डोळ्यांना लागणारा. दहा मासे उचलले, डोकी कापून लॅबला ठेवली. माणसाला हा व्हायरस काही करत नाही. मग धडं काय फेकायची? जिताडा! आमच्या श्रीवर्धनला जिताडा घरात आला की आख्खी आळी नातेवाईक होते. धडं बोटीवरच्या हुसेनचाचांना दिली. "फेकशील तर गुना लागंल गे पोरी!" एकोणीस वर्षं सौदीच्या या समुद्रावर काढली, बोली अजून तीच.

चाचांनी कोकम घालून कालवण केलं. मी दोनदा भात घेतला. अनुराग सर, आमचे मॅनेजर, एरवी कामगारांच्या कॅम्पाकडे फिरकत नाहीत. आज वासावर आले आणि डबा भरून घेऊन गेले.

८ ऑक्टोबर

दहा आणि अकरा नंबरचे पिंजरेही गेले. प्रवाह दक्षिणेला जातो, रोगही तसाच जातोय. नकाशावर लाल टिकल्या लावतेय. जेटीजवळची पिल्लं उत्तरेला आहेत, ती वाचतील.

१५ ऑक्टोबर

जेटीची पिल्लं फिरायला लागली! तीन लाख! प्रवाहाच्या उलट कसा गेला मेला?

जेद्दाहच्या मुख्य ऑफिसातून अरवाचा फोन. रोगनियंत्रण तिच्याकडे आहे. "कुणीतरी नेलाय. शोध." अनुराग सरांनी तर शोधूनही टाकला — "बोटवाला. दुसरं कोण?"

१७ ऑक्टोबर

परवाच सगळीकडचे नमुने घेतले होते. रिपोर्ट आला. चाचांची बोट साफ. दोर साफ. बूट साफ. मी खूश!

जेटीवरची मासे कापायची फळी — पॉझिटिव्ह.

चाचांना विचारलं, त्या दिवशी आतडी कुठे टाकलीत? "कुठं म्हंजे? पाण्यात. घरी खाडीत टाकतो तशी."

फळीच्या खालीच पिल्लांची जाळी. मासे मी दिलेले. रोगाची डिग्री माझ्याकडे, चाचांकडे नाही. नऊ दिवस नकाशावर टिकल्या लावत बसले, शहाणी!

२० ऑक्टोबर, रविवार

चौकशी झाली. फळीचा रिपोर्ट टेबलावर. अनुराग सरांनी चाचांना विचारलं, "मासे कुठून आणलेस?"

चाचांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "मेलेले उचलले, साहेब."

आणि मी? मिठाची गुळणी धरून बसले. वही मांडीवर होती. याच वहीत सगळं लिहिलेलं होतं.

खलास. चाचांना कायमचं घरी पाठवणार. बुधवारचं तिकीट.

बाहेर गाठलं. का खोटं बोललात? "तुझा इथं ऱ्हायाचा इकामा आत्ता झालाय पोरी. मी काय, आज ना उद्या जानारच." घरी शरफुन्निसाचाचीची औषधं याच पगारावर चालतात, हे मला माहीत नाही का! थू माझ्यावर.

२१ ऑक्टोबर

चाचांनी रोजच्यासारखा सलाम केला. मला मान वर करवली नाही.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

दुपारी ३ तारखेच्या पानाचा फोटो काढून अनुराग सरांना पाठवला. खाली लिहिलं — मासे मी दिले होते, चाचांना थांबवा.

पाच मिनिटांत उत्तर. "डिलीट कर. बोटवाला कुठलाही मिळेल. मासे तू दिलेस, हे त्यानंच डबा भरताना मला सांगितलं होतं. आणि कालवणाचा डबा मीही नेला होता, हे विसरू नकोस."

म्हणजे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तरी विचारत होते — मासे कुठून आणलेस!

नाही विसरत, सर. त्या पानावर तुमचा डबाही आहे.

तोच फोटो आत्ता अरवाला पाठवला. तिला मराठी वाचता येत नाही, म्हणून खाली सगळं इंग्रजीत लिहून दिलं. सुरुवात माझ्या नावापासून.